तारेवरचं पेट्रोल

पायपर कबच्या नाकावर, पुढच्या काचेसमोर, पेट्रोलच्या टाकीचं झाकण असतं आणि त्या झाकणाच्या भोकातून एक तार वर आलेली असते. तारेचं वरचं टोक वाकवलेलं, खालच्या टोकाला टाकीच्या आत एक बूच. टाकी भरली की बूच वर तरंगतं आणि तार ताठ उभी राहते. पेट्रोल जळत जातं तशी तार खाली सरकते आणि शेवटी तिचं वाकडं टोक झाकणावर टेकतं. या विमानाचा पेट्रोलचा काटा तो एवढाच. त्यावर आकडे नाहीत, लाल पट्टा नाही. धोक्याचा दिवा तर नाहीच, कारण मूळच्या कबमध्ये दिवा पेटवायला बॅटरीच नाही.

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात लॉक हेवन नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्यातून १९३८ ते १९४७ या काळात ‘जे-३’ कब बाहेर पडत होती. पिवळा रंग, काळा पट्टा, पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन, एकामागे एक दोन सीटा. एकोणीस हजारांहून जास्त विमानं बनली आणि त्यातली बरीच आजही उडतात. त्यांच्या मालकांचे मेळावे भरतात, सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्या आहेत, पंखांवर नव्याने कापड चढवून देणारे कारागीर आहेत. सगळं नवं करता येतं. तार मात्र तीच ठेवतात, कारण तिच्याहून भरवशाचं काही स्वस्तात मिळत नाही.

भरवशाचं म्हणजे किती, हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं. कबमध्ये एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसतो, विमानाचा तोल राहावा म्हणून. म्हणजे रिकामी पुढची सीट, पुढची काच आणि त्यापलीकडे ती तार. हवेत गचके बसत असले की बूच डुचमळतं आणि तार वर-खाली नाचते. तिच्या नाचण्याचा मध्य डोळ्यांनी धरायचा असतो. बूच पेट्रोल पिऊ नये म्हणून त्यावर पूर्वी लाखेचा लेप देत. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर हा लेप विरघळतो, बूच भिजून जड होतं आणि बुडतं. असं झालं तर तार खरं असेल त्याहून कमी दाखवते. माणूस घाबरून लवकर उतरतो, बिघडत काही नाही. पण कोणी झाकण लावताना तार जराशी वाकवली आणि ती भोकात अडकली, तर टाकी भरलेलीच दिसत राहते. शिवाय तारेचं ते भोक म्हणजेच टाकीत हवा शिरायची वाट. ते चोंदलं तर टाकीत पेट्रोल असूनही इंजिनापर्यंत पोचत नाही.

म्हणून कब उडवणारा शहाणा माणूस तार बघतो, पण तिच्यावर विसंबत नाही. तो घड्याळ बघतो.

कबच्या टाकीत बारा अमेरिकन गॅलन पेट्रोल मावतं, म्हणजे साधारण ४५ लिटर. इंजिन तासाला १७ लिटरच्या आसपास पितं. कागदावर दोन तास चाळीस मिनिटं झाली. विमानाचा वेग ताशी ११५ किलोमीटर धरू. १६० किलोमीटरवरच्या गावी जायचं असेल तर वारा नसताना सुमारे एक तास चोवीस मिनिटं लागतील. आता समोरून ताशी ३५ किलोमीटरचा वारा आला. जेट विमानात बसलेल्याला असा वारा जाणवतही नाही. कबचा जमिनीवरचा वेग मात्र ८० वर येतो आणि प्रवास दोन तासांचा होतो. दोन तासांत ३४ लिटर गेले, उरले ११. गाव दिसायला लागतं तेव्हा तार झाकणाला टेकायच्या बेतात असते आणि खाली महामार्गावरच्या मोटारी विमानाला मागे टाकत असतात. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. समोरच्या वाऱ्यात कबला मोटारीने मागे टाकणं ही या विमानाच्या लोकांची नेहमीची थट्टा आहे.

जाताना जो वारा समोरून आला तो परतताना पाठीशी असेल, फिट्टंफाट होईल, असाही एक हिशेब नवखे करतात. तो चुकतो. जाताना दोन तास आणि येताना ताशी १५० च्या वेगाने एक तास चार मिनिटं, एकूण तीन तास चार मिनिटं. वारा नसता तर पावणेतीन तासांच्या थोडं वर लागले असते. वारा ज्या बाजूने अडवतो त्या बाजूला आपण जास्त वेळ घालवतो, म्हणून जाऊन-येऊन तोटाच होतो.

इंग्लंडच्या टायगर मॉथमध्ये तारेऐवजी काचेची नळी आहे. १९३१ साली पहिल्यांदा उडालेलं हे दोन मजली पंखांचं विमान आपल्या हवाई दलानेही शिकाऊ वैमानिकांसाठी वापरलं. जीर्णोद्धार केलेलं एक टायगर मॉथ २०१२ च्या वायुसेना दिनाला लोकांनी उडताना पाहिलं. याची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, वैमानिकाच्या डोक्याच्या वर आणि जरा पुढे. तिच्यावर उभी नळी आणि नळीत तरंगता दर्शक. मान वर करून बघायचं. टाकी १९ गॅलनची, पण हे गॅलन ब्रिटिश. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरहून थोडा मोठा, अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरच्या जवळपास. अमेरिकन मापाच्या पंपावर कोणी १९ गॅलन भरून ‘टाकी फुल’ असं समजून निघाला, तर त्याच्याकडे १४ लिटर कमी आहेत. टायगर मॉथ तासाला तीसेक लिटर पितं. म्हणजे अर्ध्या तासाचं उड्डाण निघायच्या आधीच गेलं, आणि नेमकं तेवढंच पेट्रोल नियमाप्रमाणे राखीव ठेवायचं असतं.

जुन्या विमानांत मला सगळ्यात हुशार वाटते ती अमेरिकेतल्या एरकूपची रचना. दोन्ही पंखांतल्या टाक्यांमधून पंप पेट्रोल वर ओढतो आणि नाकातल्या एका छोट्या टाकीत टाकतो; जास्तीचं परत पंखात वाहून जातं. इंजिनाला पेट्रोल मिळतं ते या नाकातल्या टाकीतून, आपल्या वजनाने. तार आहे ती या छोट्या टाकीवर. पंखात पेट्रोल आहे तोवर तार हलतच नाही. ती खाली यायला लागली की समजायचं, एकतर पंख रिकामे झाले किंवा पंप गेला. दोन्ही बाबतींत हातात साधारण तासाभराचं उड्डाण आहे. म्हणजे ही तार किती उरलं ते सांगत नाही, कधी उतरायला निघायचं ते सांगते. विमानाच्या काट्याने खरं तर एवढंच सांगायला हवं.

आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांमध्ये अनेक वर्षं दिसलेलं पुष्पक हे याच कुळातलं. अमेरिकेच्या एरोंका चीफवर बेतलेलं, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९५८ साली उडवलेलं आणि कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले तिथले विमान-रचनाकार विष्णू माधव घाटगे यांच्या कारकिर्दीतलं. आता पुष्पकं जवळजवळ दिसेनाशी झाली. त्यांच्या जोडीला छोट्या विमानांचं पेट्रोलही आपल्याकडे दुर्मीळच. ॲव्हगॅस हे खास पेट्रोल आपण वर्षानुवर्षं आयात करत होतो. इंडियन ऑइलने ते गुजरातमधल्या आपल्या रिफायनरीत बनवून २०२२ मध्ये बाजारात आणलं.

पेट्रोल कुठे मिळेल यावर टप्पे ठरायचे, हे मुंबईला नवं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथमधून निघाले ते आधी अहमदाबादला उतरले. कराची ते मुंबई एका दमात गाठण्याइतकं पेट्रोल त्या विमानात मावतच नव्हतं. अहमदाबादला बर्मा शेलने पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून ठेवले होते. डबे ओतले आणि विमान दुपारी जुहूच्या मैदानात उतरलं. या गोष्टीतली बैलगाडी सगळ्यांना आवडते, लेखात-भाषणात हमखास येते. मला त्यातलं नियोजन जास्त महत्त्वाचं वाटतं. विमान पोचायच्या आधी पेट्रोल पोचलेलं होतं.

नियोजन फसलं तर काय होतं हे बघायला चार्ल्स लिंडबर्गकडे जावं लागेल, पण अटलांटिकवाल्या नव्हे, त्याआधीच्या. १९२६ साली तो सेंट लुइस ते शिकागो टपाल नेणारा पंचविशीच्या आतला वैमानिक होता. विमान पहिल्या महायुद्धातलं जुनं डी. एच. ४. सप्टेंबरमधल्या एका रात्री शिकागोभोवती धुकं दाटलं, खाली जमीन दिसेना, आणि तो वर घिरट्या घालत राहिला. मुख्य टाकी ११० गॅलनची आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ती संपली तेव्हा त्याच्या हिशेबाने अजून बराच वेळ बाकी होता. त्याने राखीव टाकी चालू केली. तिच्यात वीसेक मिनिटांचं पेट्रोल. वस्तीपासून दूर मोकळ्या रानाकडे विमान वळवलं, पाच हजार फुटांवर गेला, तिथे इंजिन थांबलं आणि त्याने पॅराशूट घेऊन उडी मारली.

पुढचा भाग मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. उडी मारताना त्याने इंजिनाचे स्विच बंद केले नव्हते. पेट्रोलच संपलंय तर कशाला? तो गेल्यावर विमानाचं नाक खाली झुकलं. टाकीच्या तळाशी राहिलेलं थोडं पेट्रोल त्या झुकण्याने कार्ब्युरेटरपर्यंत वाहत गेलं आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. धुक्यात पॅराशूटला लटकलेल्या लिंडबर्गला आपल्याच रिकाम्या विमानाचा आवाज जवळ येताना ऐकू आला. ते त्याच्याभोवती घिरट्या घालत खाली उतरत होतं. तो मक्याच्या शेतात उतरला, धडधाकट. विमान जवळच कोसळलं, टपाल सापडलं. नंतर उलगडा झाला: दुरुस्तीसाठी मूळची टाकी काढून कोणी तरी ८५ गॅलनची टाकी बसवली होती आणि वैमानिकाला सांगायचं राहून गेलं होतं.

आठ महिन्यांनी, मे १९२७ मध्ये, तोच माणूस न्यूयॉर्कहून पॅरिसला निघाला तेव्हा त्याच्या विमानात पेट्रोलचा काटा नव्हताच. पाच टाक्या, सुमारे ४५० गॅलन, आणि प्रत्येक टाकीच्या नावापुढे तासातासाला पेन्सिलीने ओढलेली एकेक रेघ. साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला तेव्हा टाक्यांत ८५ गॅलन शिल्लक होते. काटा नसताना समुद्र ओलांडता येतो. टाकी किती मोठी आहे हेच माहीत नसेल तर शिकागोही गाठता येत नाही.

ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येईल असं वाटत असेल तर अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, २०१७ मध्ये काढलेली सूचना वाचावी. २०११ ते २०१५ या वर्षांत तिथे छोट्या खासगी विमानांचे पेट्रोलच्या हिशेबामुळे झालेले अपघात वर्षाला सरासरी पन्नासहून अधिक होते. त्यातल्या ५६ टक्क्यांत पेट्रोल खरोखर संपलं होतं. ३५ टक्क्यांत मात्र ते विमानात होतं, इंजिनापर्यंत गेलं नाही: चुकीची टाकी चालू राहिली, कॉक अर्धवट फिरला, असं काही. यंत्रणेतला बिघाड पाच टक्क्यांहूनही कमी ठिकाणी. आणि हे वैमानिक नवशिके नव्हते. जवळजवळ निम्म्यांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता, विद्यार्थी फक्त दोन टक्के. शिकणारा पोरगा घाबरून टाकी भरतो. हजार तास उडालेला माणूस म्हणतो, जाईल की एवढं.

‘कंट्री रोड्स’वाला गायक जॉन डेन्व्हर असाच अनुभवी होता, अडीच हजारांहून जास्त तास उडालेला. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी विमानतळावरून तो आपल्या नव्याने घेतलेल्या लाँग-ईझी विमानातून निघाला. हे जुनं विमान नव्हे, कोणा हौशी माणसाने घरी बांधलेलं. पण पेट्रोलचा काटा आणि कॉक यांच्या बाबतीत ते अगदी जुन्या विमानांच्या जातीचं होतं. मूळ आराखड्यात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या पायांमध्ये समोर होता. बांधणाऱ्याने तो मागे, डाव्या खांद्याच्या पाठीमागच्या भिंतीवर नेला. पेट्रोल दाखवणाऱ्या काचा मागच्या सीटजवळ. विमानतळावरच्या तंत्रज्ञाने आणि डेन्व्हरने कॉकला पक्कड लावून तो लांबवता येतो का ते पाहिलं, जमलं नाही. तंत्रज्ञाने त्याला एक छोटा आरसा दिला, मागच्या काचा खांद्यावरून बघायला. एका टाकीत अर्ध्याहून कमी, दुसरीत पाव टाकीहून कमी. पेट्रोल भरून देऊ का, असं विचारलं. तासभरच उडायचंय, नको, असं उत्तर आलं.

तीन वेळा चाकं टेकवून तो पुन्हा वर गेला आणि थोड्याच वेळात विमान किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. तपासात प्रयोग करून बघितलं तर मागे वळून तो कॉक फिरवताना माणसाचा उजवा पाय आपोआप पेडलवर दाबला जात होता. शांतपणे जमिनीवर बसून करायचं काम, पाचशे फुटांवर, इंजिन थांबल्यावर करावं लागलं. पेट्रोल भरायला दहा मिनिटं लागली असती.

बजाज स्कूटरवर वाढलेल्या पिढीला हे सगळं फार परकं वाटू नये. काटा नव्हता, झाकण उघडून टाकी हलवून बघायची, रिझर्व्हला लावायची आणि तेही संपलं की स्कूटर आडवी करून उरलंसुरलं पेट्रोल कार्ब्युरेटरकडे काढायचं. विमानात हे कलंडणं उलटं अंगावर येतं. टाकी जवळजवळ रिकामी असली की पेट्रोल कोपऱ्यात जमतं, आणि टाकीतून बाहेर जायचं भोक दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतं. कबसारख्या विमानाला पंखांचे फ्लॅप नसतात, म्हणून उंची लवकर कमी करायला वैमानिक विमान तिरकं करून घसरवत उतरवतो. पंखांत टाक्या असलेल्या विमानात कमी पेट्रोलवर हीच घसरण नेमकं भोक उघडं पाडू शकते. धावपट्टीवर कुत्रं आलं, उतरणं सोडून नाक वर करून पुन्हा चढायला गेलं, तर तीच गत. पायपर ट्राय-पेसर या पन्नाशीच्या दशकातल्या विमानात तर पाटीच लावलेली असते: उजवी टाकी फक्त सरळ उड्डाणात वापरावी. नाक वर असताना त्या टाकीतलं कमी पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही, हे अपघात होऊन कळलं आणि मग पाटी आली. लिंडबर्गचं विमान नाक खाली झाल्यावर पुन्हा सुरू झालं, ते याच नियमाच्या दुसऱ्या बाजूने.

मग हवेत असताना कळलं की हिशेब चुकलाय, तर करायचं काय? पहिली गोष्ट म्हणजे इंजिन चालू असताना उतरायचं. कब ताशी साठेक किलोमीटरपर्यंत हळू उडू शकते. तिला छोटंसं शेत पुरतं. पण शेत निवडायला, त्यावरून एकदा फिरून विजेच्या तारा, बांध, गुरं बघायला, नको वाटलं तर दुसरं शोधायला, इंजिन लागतं. दहा मिनिटांचं पेट्रोल असताना शेतात उतरलेल्या माणसाची मेळाव्यात टिंगल होईल. होऊ द्यावी. पेट्रोल संपल्यावर उतरणाऱ्याला शेत निवडता येत नाही, जे समोर येईल ते घ्यावं लागतं.

इंजिनाचे फेरे कमी करून थोडं पेट्रोल वाचतं. मिश्रण पातळ करून वाचवायचा नव्या विमानांतला उपाय इथे बहुतेक वेळा नसतो. कबच्या इंजिनावरच्या जुन्या स्ट्रोमबर्ग कार्ब्युरेटरची ती सोय कित्येकांनी तारेने बांधून बंदच केलेली असते. उतरताना इंजिन फरफरलं म्हणजे पेट्रोलच संपलं असंही नाही. दमट हवेत, कमी ताकदीवर, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. गरम हवेचा दांडा आधी ओढून बघावा. दोन टाक्या असतील तर एक पूर्ण रिकामी करून मगच दुसरी लावावी, म्हणजे सगळं पेट्रोल एका जागी राहतं आणि हिशेब पक्का होतो, असं सांगणारे जुनेजाणते आहेत. त्यांचा युक्तिवाद खोटा नाही. पण ज्या विमानाला स्टार्टर नाही, ज्याचा पंखा जमिनीवर हाताने फिरवून चालू करावा लागतो, त्याचा पंखा हवेत थांबला तर फिरवायला कोण जाणार? मला विचाराल तर हा प्रयोग स्टार्टरवाल्यांनी करावा.

रेडिओ असेल तर बोलावं, आणि ठरलेल्याच शब्दांत बोलावं. १९९० च्या जानेवारीत न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचं एक मोठं बोइंग ७०७ पेट्रोल संपून पडलं, ७३ माणसं गेली. पेट्रोल संपत आलंय हे वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितलं होतं, पण आणीबाणी हा शब्द उच्चारला नव्हता. आता आंतरराष्ट्रीय नियमांत शब्दच ठरवून दिलेत: उशीर परवडणार नाही तेव्हा ‘मिनिमम फ्युएल’, आणि राखीव पेट्रोलला हात घालावा लागणार असेल तर ‘मेडे फ्युएल’. संकोच करू नये. नियंत्रकाला आपला आवाज ऐकून टाकी दिसत नसते.

निघण्याआधी मात्र शिडी लावून झाकण उघडावं आणि मोजपट्टी बुडवावी. ती लाकडी पट्टी त्याच विमानासाठी, थोडं थोडं पेट्रोल ओतत आखलेली असावी. शेजारच्या विमानाची चालत नाही. शेपटीवर बसणारी ही विमानं जमिनीवर नाक वर करून उभी असतात, म्हणून पट्टी ज्या अवस्थेत आखली त्याच अवस्थेत बुडवायची. झाकण पुन्हा घट्ट बसलंय का ते बोटांनी चाचपावं. पंखावरचं झाकण सैल राहिलं तर वरून वाहणारी हवा पेट्रोल शोषून घेते आणि टाकी तासाच्या हिशेबापेक्षा खूप आधी रिकामी होते.

अमेरिकेचा नियम सांगतो की दिवसा निघताना ठरलेल्या ठिकाणी पोचून वर अर्धा तास पुरेल इतकं पेट्रोल हवं. तिथल्या वैमानिकांच्या संघटनेची सुरक्षा संस्था एक तास शिल्लक ठेवून उतरा म्हणते. कबच्या बाबतीत ही शिफारस पाळायची तर दोन तास चाळीस मिनिटांतून तास वजा जातो. उरतात एक तास चाळीस मिनिटं, म्हणजे वारा नसताना १९० किलोमीटर. कब एवढ्याच पल्ल्याचं विमान आहे. ज्याला याहून लांब जायचं असेल त्याने वाटेतलं पेट्रोल आधी ठरवावं, नाहीतर दुसरं विमान घ्यावं.